मशेरी म्हणजे तंबाखू नाही

आई, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आज तो कागदावर काढते आहे. तुझ्याशी भांडायचं तर आता दुसरी जागा कुठे आहे?

"तंबाखू खाता का?" असं मी बायकांना विचारत फिरते. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेतलं माझं कामच आहे ते. बायका कानाला हात लावतात. "अगंबाई, नाही हो!" मग मी विचारते, "मशेरी लावता का?" तर म्हणतात, "ती होय! ती तर दात घासायला." दरवेळी माझं डोकं सणकतं, कारण हे उत्तर मी पहिल्यांदा तुझ्याच तोंडून ऐकलं. शाळेत बाईंनी सांगितलं होतं की तंबाखूने कॅन्सर होतो, ते मी धावत घरी येऊन तुला सांगितलं. तू रहाटणीच्या आपल्या खोलीत मोरीपाशी बसलेली, बोट दातांवरून फिरतंय. "तोंड वर करून बोलू नकोस," म्हणालीस, "मशेरी म्हणजे तंबाखू नाही." अगं, तंबाखूच तर भाजायचीस तू, काळी होईपर्यंत! तिच्यासाठी तवा वेगळा, डबी वेगळी, आम्ही पोरं ठसकत बाहेर पळायचो, आणि तरी ती तंबाखू नाही!

मग गालाच्या आत पांढरा चट्टा आला, त्याची जखम झाली, तुला तिखट सोसेना. "तोंड आलंय, जाईल." कुठलं जातंय! चाकणच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तू पोळ्या लाटायचीस, तिथे तुमची तपासणी व्हायची. नखं बघायचे, हात उलटेपालटे करून बघायचे, साहेबलोकांच्या पोटात काही जायला नको म्हणून. तोंड उघडा, असं एकाही शहाण्याला सुचलं नाही. त्यांचाही राग येतो, पण ते परके, त्यांच्यावर किती चिडणार? तुला तर डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की तुकडा काढून तपासू. तू चपला घातल्यास आणि उठलीस. रिक्षात म्हणालीस, "तुकडा काढला की पसरतं." कॅन्टीनमधल्या बायकांनी सांगितलेलं ते. त्या खऱ्या आणि डॉक्टर खोटे! न काढताच पसरलं की गं. शेवटी तोंड उघडेना, मी चमच्याने पेज भरवायची आणि ती गळ्यावरून ओघळायची. मी नुकती कॉलेजात जायला लागले होते. मला आई हवी होती.

आता आमच्याकडे एक छोटासा ब्रश असतो. गालाच्या आतून फिरवला की पेशी निघतात, कापाकापी नाही. त्या काचेवर घेऊन, रंगवून आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. जखम व्हायच्या आधीच बिघडलेली पेशी ओळखता येईल का, यासाठी आमची माणसं वर्षानुवर्षं डोळे फोडून घेतायत. सगळं काही अजून जमलेलं नाही. शंका आली तर तुकडा काढावाच लागतो. पण वेळेत कळलं तर माणूस वाचतं, आई. वाचलेल्या बायका तपासणीला येतात, नातवंडांच्या तक्रारी सांगत बसतात, आणि मला आनंद व्हायच्या आधी तुझा राग येतो.

आज निघोज्याला गेले होते. तिथल्या एका मावशींच्या नमुन्यात पेशी चांगल्या दिसल्या नव्हत्या, ते सांगायला. मावशी धुणं वाळत घालत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "न्हाई गं बाई. तुकडा काढला की पसरतं म्हनत्यात."

तुझंच वाक्य. मी ओरडले गं. परक्याच्या अंगणात, सुनेच्या देखत. "माझी आई हेच म्हणाली आणि मेली! तुम्हालाही मरायचंय का?" धीर द्या, समजुतीने बोला, हे सगळं शिकवलेलं कुठल्या कुठे गेलं. सून घाबरून चहा टाकायला आत पळाली. मावशींनी हातातलं ओलं लुगडं दोरीवर टाकलं.

"माज्यावर चिडलीस, का आयवर?" त्यांनी विचारलं.

मला रडूच फुटलं. मग त्याच मला थोपटत म्हणाल्या, "येते, चल. पर तू माज्यासंगं आत ऱ्हायचं." निघताना त्यांनी कनवटीची डबी काढून माझ्या हातात कोंबली. "ही तू ने. घरात ऱ्हायली तर बोट जाईल माजं."

उद्या सकाळी त्यांना आणायला जायचंय. आत त्यांचा हात धरून उभी राहणार आहे मी. तुझाही धरला असता, पण तू चपला घातल्यास.

डबी वाटेत कुठेतरी भिरकावणार होते. त्याआधी झाकण काढलं. आपल्या खोलीचा वास आला, सकाळचा, तुझ्या पदराचा. ज्या मेलीने तुला खाल्लं, तिलाच नाकाशी धरून मी बसले. हा कागद कुठे पाठवायचा म्हणा, खणातच ठेवते. डबीही तिथेच आहे, आई. टाकली नाही मी.