पायाला चष्मा नव्हता

४ मार्च, सकाळ
पायाच्या अंगठ्याची जखम भरत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यातले जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत. म्हटलं, आमच्या ह्यांच्यासारखेच. जन्मभर माझ्या स्वयंपाकाला दाद दिली नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, नाहीच भरली तर अंगठा काढावा लागेल. मी अजिबात घाबरले नाही. खुर्ची हलत होती, म्हणून मी हलत होते.
एक नवीन उपाय आहे. जखमेला निळा रंग लावायचा, मुरू द्यायचा, मग वर लाल दिव्याचा उजेड सोडायचा. जंतू रंग पितात आणि वर उजेड पडला की मरतात. नुसता रंग लावून भागत नाही, उजेड हवाच. तिसरी शिकलेल्या मला एका दमात कळलं. घरी सांगितलं तर हे म्हणाले, चला, या घरात कोणीतरी उजेड पाडतंय!
निश्चय : उद्या एकटीने जायचं.

५ मार्च
सुनेला नेलं. बिचारी बरेच दिवस कुठे गेली नव्हती.
अंगठा निळाशार! काय गोड रंग! खिडकीला असा पडदा हवा. मग नर्सबाईंनी मला काळा चष्मा घातला, दिवा लावला आणि दार लावून गेल्या. मी विचार केला, उजेड इतका वाईट की डोळे झाकायचे, मग पायाने काय घोडं मारलंय? त्याला चष्मा कुठाय? रुमालाची घडी केली आणि टाकली वर. दार वाजताच उचलली. भीतीने नाही हो, काळजीने. दोन्ही वेगळं.
नर्सबाई म्हणाल्या, आजी, किती शांत बसता! सुनेला घरी येईपर्यंत हेच सांगत होते.

८ मार्च
मधल्या दोन खेपांनाही रुमाल लागला. आज मात्र ठरवून घरी ठेवला. पण अंगावर शाल होती.

१२ मार्च
तपासणी. जंतू होते तितकेच. डॉक्टरीणबाई आठ्या घालून म्हणाल्या, प्रयोगशाळेतल्या बशीतले मेले, आजींच्या पायातले का मरत नाहीत? मला जरा अभिमानच वाटला. आमच्या घराण्यातलं सगळंच चिवट. मग म्हणाल्या, जंतू वर सरकायच्या आत सोमवारी अंगठा काढू.
घशाला कोरड पडली. हवा कोरडी आहे.
रुमालाचं सांगणार होते. खाकरलेसुद्धा. डॉक्टर माणसाला एवढं कळू नये?

१३ मार्च
उठल्या उठल्या अंगठा हलवून पाहिला. आहे. चहा घेऊन परत पाहिला.
निश्चय : फोन करून सगळं सांगायचं. केला. बहिणीला. तिच्या गुडघ्यांवर दोघी तासभर बोललो.

१४ मार्च, दुपार
धुण्यात सुनेला निळे रुमाल सापडले. आई, हे काय? म्हटलं, शाई सांडली. म्हणाली, तुम्ही तर पेन्सिलीने लिहिता. मग शाल दिसली. मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. अहो आई, पाय जाईल ना तुमचा!
फार भित्री पोर. मीच सांगणार होते, तिने आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

१६ मार्च, सोमवार
डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, आजी, रुमालाला जखम नव्हती हो.
अंगठा तूर्त राहिला. दिवा परत पहिल्यापासून. जखम खोल गेलीय. बरी होईलच, असं या खेपेला कोणी म्हणालं नाही. मी दोनदा विचारून पाहिलं.
शाल आणि रुमाल सुनेच्या पिशवीत. दार उघडं. पाय उघडा. नर्सबाईंना धीर यावा म्हणून मी त्यांचा हात धरला. दिवा लावायला त्यांना तोच हात हवा होता. आजी सोडा, म्हणाल्या. आजी, सोडा ना.
शेवटी दिवा सुनेने लावला.