आईने मारलेली रेघ

प्रिय चिमणे,

देशाच्या संघाची कर्णधार झालीस तरी मी तुला चिमणीच म्हणणार. तुमच्या संघाला पैसा पुरवणाऱ्या कंपनीला चालत नसेल तर त्यांनी तसं कळवावं. फोनवर आपण रोज बोलतो. तू विचारतेस जेवलात का, मी म्हणतो जेवलो, आणि खरं काय ते दोघांनाही ठाऊक असतं. पण आज जे सांगायचंय ते फोनवर काही केल्या माझ्या तोंडून निघेना. तुझे टेनिसचे सर उद्या तुमच्या शिबिराकडे निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देतोय. खोलीत एकटी असशील तेव्हा वाच.

इकडे तुझा भाव भलताच वधारलाय. दुकानात चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मला तुझी सर्व्हिस समजावून सांगतं, आणि मी निमूट ऐकून घेतो. शेजारच्या काकू आठवतात ना, दुपारची झोप मोडते म्हणून तुझ्या चेंडूच्या नावाने बोटं मोडायच्या? आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की ही पोर आमच्या डोळ्यांसमोर घडली. मी म्हटलं, डोळ्यांसमोर कुठली, कानांसमोर म्हणा. तर रागावल्या, आणि संध्याकाळी भाजी घेऊन आल्या.

कंपनीने तुमच्या संघाला हात दिला ते बरंच झालं, हे मी आजही म्हणतो. त्याआधी तुम्ही पोरी एकमेकींच्या रॅकेटी मागून खेळत होता. त्यांचे पहिले शर्ट घरी आले तो दिवस डोळ्यांपुढे आहे. छातीवर कंपनीचं नाव, पाठीवर आपलं. तू आरशासमोरून हलेनास, आणि तुझ्या आईने तो शर्ट तुझ्या अंगावरून उतरवून आधी उलटा केला. शिवणी तपासल्या, नाक मुरडलं, आणि म्हणाली की मेल्यांनी माया ठेवलीच नाही, पोरगी जरा भरली की उसवायला जागा नाही. शिवणीसाठी राखलेल्या जास्तीच्या कापडावर, त्या मायेवर, तिचा फार जीव. कुणाचंही कापड बेतलं तरी चार बोटं जास्तीची सोडायचीच.

रेघही तिने तशीच मारली होती. तू शाळेत होतीस, कोर्टावर आठवड्यातून एकदाच जागा मिळायची, म्हणून घरामागची गोदामाची भिंत. गळ्यातली टेप घेऊन ती कोर्टावर गेली, जाळ्याची उंची मापून आली आणि भिंतीवर रंगाने रेघ ओढली, मापापेक्षा वर. एका हातात टेप, एका हातात ब्रश, त्यामुळे डावीकडे उतरलेली. सर हसले होते, म्हणाले वहिनी, रेघ चुकली. ती म्हणाली, चुकली नाही, सोडलीय. पुढे तुझे चेंडू जाळ्यात अडकेनात तेव्हा सरच इतर मुलींना ती रेघ दाखवायला घेऊन यायचे. आणि तू दौऱ्यावर निघताना आधी मला नमस्कार, मग आईला मिठी, मग मागे जाऊन रेघेला हात. आई गेल्यावर मिठी संपली, रेघ तेवढी उरली.

चिमणे, ती रेघ आता नाही.

रविवारी कंपनी लहान मुलींना खेळ शिकवायची योजना सुरू करतेय, आणि तीही आपल्या भिंतीपासून, हे तुला माहीत आहेच. पहिला चेंडू तू मारणार. त्यासाठी भिंतीवर तुझं चित्र काढायला माणसं आली. मीच त्यांना शिडी दिली, चहा दिला आणि दुकानात गेलो. मला वाटलं, चित्र वर निघेल, खालचं खाली राहील. कंपनीची एक मुलगी देखरेखीला होती, गुणी पोर, मला काका काका म्हणते. तिने जाळ्याची उंची मापून पाहिली. रेघ चुकीची, शिवाय तिरकी. उद्या वर्तमानपत्रवाले हसतील, तुमची शोभा होईल, म्हणून तिने सगळी भिंत रंगवून घेतली आणि बरोबर मापाची सरळ पांढरी रेघ मारून घेतली. मी परतलो तर हात धरून मला दाखवायला घेऊन गेली. तिला काय बोलणार? छान झालंय म्हणालो. दिवसभर लोकांची नजर तपासणारा मी, घरी येऊन चष्मा काढला आणि रडलो.

निवडलेल्या मुली आत्ताच सरावाला येऊ लागल्यात. त्यांचे चेंडू त्या पांढऱ्या रेघेला घासून जातात आणि त्या खूश होतात. तेच कोर्टावर गेलं की जाळ्यात. सर चिडचिड करतात. त्यातली एक अगदी बारकी आहे, दर चुकीला जीभ चावते. तुझी आठवण येते.

तू विमानतळावरून थेट समारंभाला येणार असं ठरलंय. सवयीने तुझा हात त्या जागी जाईल, आणि सगळ्यांच्या देखत तुला कळेल, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नाही. म्हणून हे पत्र. एक दिवस आधी ये. मी भिंतीपुढे उभा राहून खूप आठवून पाहिलं, पण रेघ नेमकी किती वर होती ते मला सांगता येत नाही. टेप आहे, पण तिने सोडलेलं त्या टेपवर कुठे लिहिलंय? ते आता फक्त तुझ्या हाताला ठाऊक असेल. तू डोळे मिटून हात टेक, मी तिच्या मशीनच्या खणातला खडू घेऊन मागे उभा राहतो. कंपनीला काय सांगायचं ते मी बघतो. आणि इतक्या दिवसांनी हात चुकेल अशी भीती बाळगू नकोस. चुकलाच तर वरच्या अंगाला चुकू दे.

तुझाच, मागचं दार उघडं ठेवून बसलेला,
बाबा