काळ्या वाळूवरची सही

॥ श्री ॥
सोलापूर, १५ डिसेंबर २०२४

चि. हृषीकेश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू हवापाणी सांगतोस आणि ठेवून देतोस. म्हणून बाबांसारखं कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय. तूही तसंच कर, म्हणजे घाई होणार नाही. काँगोत लढाई पसरतेय असं बातम्यांत आलं. बाबांचं जेवण निम्म्यावर आलंय. नवी पेठेत सोनं तपासणारा आमचा हृषी तिकडं गोम्यात नक्की काय तपासतो, असं दाक्षायणीमावशीनं विचारलं, तर मला धड सांगता आलं नाही. आणि केस कुठं गेले रे सगळे? फोटोत थेट चनबसप्पाकाका दिसतोस की!

खरं काय ते लिही. जिवाला जप, आमचा जीव तिथंच आहे.
तुझी, वैजूताई

॥ श्री ॥
गोमा, २२ डिसेंबर

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

केस इथल्या पाण्यानं गेले, डोकं अजून जागेवर आहे. खरं विचारलंस म्हणून लिहितो. बाबांना वाचून दाखवू नकोस.

इथल्या डोंगरांत कोल्टन नावाची काळी, जड वाळू निघते. तिच्यातला धातू मोबाइलमध्ये लागतो. आमची कंपनी ती विकत घेते आणि पोत्यात धातू किती, ते मी तपासतो. पोतं कुठल्या खाणीचं, याचं लेबल लावतात आणि खाली सही माझी असते.

पश्चिमेचा मोठा डोंगर एप्रिलपासून बंडखोरांच्या ताब्यात आहे. तिथून निघणाऱ्या पोत्यापोत्यावर ते वसुली करतात, त्यातून बंदुका घेतात, आणि त्या बंदुकांनी पुढची गावं. म्हणून तो माल घ्यायचा नाही असा नियम आहे. पण ताई, तो आमच्याकडं येतोय, दुसऱ्याच एका लहान खाणीच्या नावानं. त्या खाणीच्या वाळूत धातू अचानक दीडपट निघायला लागला, तेव्हा मला कळलं. साहेबांना विचारलं, तर म्हणाले की तू आकडे बघ, डोंगर बघू नकोस.

लेबलं लावायला एस्पेरान्स म्हणून एक बाई आहे. तिचं गाव त्याच डोंगराखाली. तिच्या नवऱ्याला बंडखोरांनी बंदूक लावून खाणीत उतरवलं आणि वर दरड कोसळून तो गेला, असं तिनं सांगितलं. कालपासून तिनं लेबलं लावायचं सोडलंय. मी अजून सही करतोय. माझा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत आहे. काय करू?

बाबांना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.
तुझा, हृषी

॥ श्री ॥
सोलापूर, २४ डिसेंबर

चि. हृषीकेश यास,
अ. उ. आशीर्वाद.

सही कर, पासपोर्ट घे आणि ये. दुसरं काही डोक्यात आणू नकोस. अक्कलकोट रोडच्या आमच्या कारखान्यात मीच कितीदा दुय्यम चादरींवर पहिल्या प्रतीचा शिक्का मारते. जगात असंच चालतं. त्या बाईचं ऐकून मला लई वाईट वाटलं, पण तिच्यासाठी तू मरायचं का? बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही.

रागावू नकोस. मोठ्या बहिणीचं एवढं ऐक.
वैजूताई

॥ श्री ॥
सोलापूर, २८ जानेवारी २०२५

हृषी,

गोमा बंडखोरांच्या हाती पडलं म्हणून बातमी आली. तुझा फोन दोन दिवस बंद आहे. हे पत्र पोचणार नाही हे ठाऊक असून लिहितेय, कारण हाताला दुसरं काही सुचत नाही. कारखान्यात आज तीन गठ्ठे चुकले. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसलेत. जिवंत आहेस ना? फक्त हो म्हण.
ताई

॥ श्री ॥
किगाली, रवांडा, ३ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. नमस्कार.

हो. सुखरूप आहे.

तुझं ऐकलं. शेवटच्या साठ पोत्यांवर सही केली, तेव्हा पासपोर्ट हातात आला. तोफांचे आवाज जवळ आले तसं कंपनीनं ट्रकमधून सरहद्दीकडं पाठवलं. एस्पेरान्स फाटकाशी आली होती, दोन्ही मुलींना घेऊन. मागं जागा आहे का, एवढंच तिनं मला विचारलं. मागं पोती होती, ताई. मी सही केलेली. साहेबांनी जागा नाही म्हणून सांगितलं आणि मी पुढच्या सीटवर गप्प बसून राहिलो. तिचा फोन तेव्हापासून लागत नाही.

खनिजांच्या व्यवहाराचा तपास करणारी माणसं इथं आली आहेत. सगळे आकडे माझ्या मोबाइलमध्ये आहेत. जबानी दिली तर माझ्या सह्याही उघड होतील. पुन्हा नोकरी मिळेल की नाही, अटक होईल का, सांगता येत नाही. सहा तारखेचं विमानाचं तिकीट आहे. येऊ का?
हृषी

॥ श्री ॥
सोलापूर, ४ फेब्रुवारी

चि. हृषीकेश यास,
अनेक आशीर्वाद.

तू जिवंत आहेस हे वाचून मी कारखान्यातच मोठ्यानं रडले. घरी येऊन बाबांना सगळी पत्रं वाचून दाखवली, माझं ‘सही कर’ म्हणणारंसुद्धा. त्यांनी त्या मुलींची वयं विचारली.

सहाला येऊ नकोस. आधी जबानी दे. एस्पेरान्सचं आणि मुलींचं नाव त्या माणसांना दे, शोधा म्हणावं. आणि सही करायला घरून कुणी सांगितलं असं विचारलं, तर वैजयंती गंगाधर कुलकर्णी, सोलापूर, असं माझं पूर्ण नाव लिहून दे.

मग ये. कितीही दिवस लागू देत, आम्ही आहोत.
तुझी, ताई