शुब्बाकचे चाळीस दिवस

परम दयाळू अल्लाच्या नावाने. मी, इनशिराह अब्दुलबारी दमनहूरी, वय एकसष्ट, राहणार मुहर्रम बेक, अलेक्झांड्रिया, हे मृत्युपत्र शुद्धीत राहून, चष्मा लावून, कोणाच्याही धाकाशिवाय लिहिते आहे. डोके शाबूत आहे, यकृत नाही. खमसीनचे धुळीचे वारे मला यंदा अनुभवायला मिळतील असे डॉक्टर म्हणत नाहीत.

१. घर आणि बचत माझ्या वारसांत शरियतने ठरलेल्या हिश्श्यांप्रमाणे वाटावी. त्यात मी लुडबुड करत नाही. जो तिसरा हिस्सा मला मनाप्रमाणे देता येतो, तो गल्लीच्या टोकाच्या मुलींच्या वाचनालयाला द्यावा.

२. लॅपटॉप आणि बसून बसून खड्डा पडलेली माझी खुर्ची भावाची मुलगी शाहीनाझ हिला. ती प्रोग्रामर आहे आणि तोंडाळ आहे, दोन्ही माझ्यामुळे.

३. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी वीस वर्षे ओल्या चादरी माझ्या वाळलेल्या कपड्यांवर निथळू दिल्या. मी त्यांना माफ केलेले नाही. तरी माझी कपडे वाळत घालायची दोरी त्यांनाच द्यावी, ती खाली बांधलेली आहे.

४. आता मिसतराविषयी. हे कोणाच्याच हिश्श्यात बसत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मिसतरा हे प्रोग्रामरांचे हत्यार आहे. अरबी पान उजवीकडून डावीकडे वाचायचे असते, आणि त्यात आकडे आले की ते हमखास उलटेपालटे होतात. पान लोकांसमोर जाण्याआधी मिसतरा अशा जागी तांबडी रेघ ओढते. मी आणि रऊफ हसनैन यांनी ती सोळा वर्षांपूर्वी बनवली आणि फुकट वाटली. ती उभी आहे शुब्बाक नावाच्या वेब फ्रेमवर्कवर, म्हणजे वेबपाने उभारायच्या तयार सांगाड्यावर. ते दुसऱ्यांचे आहे, आणि त्याची नवी आवृत्ती आली की आपण कधी उचलायची हा प्रश्न दरवेळी येतो.

त्यावर आमचा एक नियम होता. आमच्याकडे बाळंतीण आणि बाळ चाळीस दिवस उंबरा ओलांडत नाहीत. माझी आई म्हणाली, तुमच्या त्या आवृत्तीलाही चाळीस दिवस होऊ द्या, मग घरात घ्या. रऊफ हसला, पण त्यानेच तो नियम प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहिला. चाळीस दिवसांत दुसऱ्यांच्या चुका बाहेर पडत आणि आमच्या वाचत.

नऊ वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या दुखवट्याच्या चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, मी कबरीवर वाटायच्या पावांच्या टोपल्या भरत होते, तेव्हा रऊफचा फोन आला. तो मला अब्ला म्हणतो, थोरल्या बहिणीला म्हणतात तसे.

"अब्ला, नवं शुब्बाक चौदाच दिवसांचं आहे. पण जुन्यात चोर शिरतील असं भोक सापडलंय, लोक मागे लागलेत. लावू का थांबू?"

मी म्हणाले, "लाव बाबा. माझे चाळीस आज संपले, तुझेही संपले समज."

त्याने लावले. शुक्रवार-शनिवार आमच्याकडे सुट्टी, म्हणून कोणी तपासले नाही; ट्युनिसमध्ये शुक्रवारी काम चालू. नव्या शुब्बाकवर मिसतराच्या तांबड्या रेघा उमटेनात. रेघ नाही म्हणजे चूक नाही, या भरवशावर तिथल्या एका खासगी संस्थेने परीक्षेचे पान लावले. तारीख ६/५, म्हणजे ६ मे होती, ती उलटून ५/६, म्हणजे ५ जून दिसली. अकरा मुली महिना उशिरा दारात येऊन उभ्या राहिल्या.

लोक चवताळले, तेव्हा मी प्रकल्पाच्या चर्चेच्या पानावर सगळ्यांसमोर लिहिले: "रऊफने हे माझ्या परवानगीवाचून केले."

हे खोटे आहे. परवानगी मी दिली होती. मी तेव्हा दुःखात होते हे खरे, पण लिहिताना मला सगळे आठवत होते. रऊफने उलट एक अक्षर लिहिले नाही. तो प्रकल्प सोडून तांताला निघून गेला आणि शाळेत शिकवू लागला. मला त्याची फार आठवण येते. हे मी कधी कोणाला सांगितले नाही.

त्याच आठवड्यात मी जुने शुब्बाक परत आणले, आणि त्यानंतर अपग्रेड केलेच नाही. कोणी विचारले की चाळीस दिवसांचा नियम दाखवायचा. शाहीनाझ एकदा म्हणाली, "आत्या, तुमचं चाळीस दिवसांचं बाळ आता चौथीत गेलं." आता तर जुन्याची डागडुजीही त्याच्या कर्त्यांनी बंद केली आहे. भोके वाढताहेत, लोक सोडून जाताहेत.

मी घाबरते असे सगळ्यांना वाटते. खरे कारण वेगळे आहे. जुन्या शुब्बाकला आकडे सांभाळता येत नाहीत, म्हणून रऊफने मधे कोडच्या दोन हजार ओळींचा टेकू लिहिला होता. आताचे नवे शुब्बाक ते काम स्वतःच करते. अपग्रेड म्हणजे त्या ओळी पुसणे. मिसतरात त्याचे म्हणून तेवढेच उरले आहे, आणि ते पुसायला माझा हात उचलला गेला नाही.

५. म्हणून मिसतराच्या किल्ल्या शाहीनाझला, पण अपग्रेड कधी करायचे याचा निर्णय एकट्या रऊफचा. त्याने नाही म्हटले तर मिसतरा तशीच बंद पडू द्यावी. जेव्हा होईल तेव्हा गुरुवारी करू नये, आणि परवानगी कोणी दिली त्याचे नाव पहिल्या ओळीत लिहावे. चौथे कलम मी मेल्यावर नव्हे, आजच चर्चेच्या पानावर लावावे.

६. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणतात. रऊफला मी काहीच देत नाही, नुसते काम देते. म्हणून त्याला सहीला बोलावले आहे. येईल की नाही ठाऊक नाही.

अलेक्झांड्रिया, मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

(सही) इनशिराह अब्दुलबारी दमनहूरी

साक्षीदार पहिला: गिर्गिस लबीब, औषध दुकानदार, तळमजला. (सही)

साक्षीदार दुसरा: रऊफ हसनैन, शिक्षक, तांता. (सही)

दुसऱ्या साक्षीदाराने सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिले ते असे: पाचवे कलम वाचले. अब्ला, तुमच्या मागे नाही करणार. येत्या रविवारी सकाळी, तुमच्या खाटेशेजारी बसून करू. माझ्या ओळी मीच पुसतो. तुम्ही फक्त फोनवर म्हणाला होतात तसं एकदा म्हणा, लाव बाबा.