तरंगणाऱ्या माश्या

ता. ३ मे

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

नोकरी मला मानवली आहे, अंगाने भरले आहे, हे आईला सांग.

काळजी वेगळीच आहे. नदीकाठच्या आमच्या विश्रामगृहात पाहुण्यांना गळ टाकायला शिकवायचं माझं काम. संध्याकाळी मासे नुसते उसळत असतात, पण तू गळाच्या आकड्यावर पिसं-दोरा गुंडाळून केलेल्या नकली माश्यांकडे एकही ढुंकून पाहत नाही. मालक म्हणाले, तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर माश्या बांधणारा तुझा हात बिघडला असावा. महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर कारखान्याच्या माश्या मागवू. मी भांडले, पण मासे माझी बाजू घेईनात.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी भाची

ता. ८ मे

चि. भाचीबाईस,
अ. उ. आ.

मालकांचं खरं असेल. पत्र आल्यापासून माश्या बांधायच्या चिमट्याला हात लावलेला नाही. मामीला वाटतं मी रुसलोय. खरं म्हणजे घाबरलोय. चाळीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही गं.

तरी एक कर. मासा वर येतो तेव्हा नीट बघ. तोंड दिसलं आणि मागे बुडबुडा राहिला, तर तो पाण्यावरची माशी खातोय. नुसती पाठ आणि शेपूट दिसली, तर बोटभर खाली, पंख न फुटलेल्या किड्यांवर ताव मारतोय. तेव्हा मऊ पिसांची, बुडणारी माशी लाव. तो जेवतोय कुठे ते बघून वाढायचं, एवढंच माझं शास्त्र.

तुझाच, धास्तावलेला मामा

ता. १४ मे

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

कान पकडते. नुसत्या पाठीच दिसल्या, बुडबुडा एकही नाही. म्हणून मऊ पिसांची लावली, तर ती मजेत तरंगायला लागली! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आल्या दिवशी शहाणपणा करून तुझ्या डबीतल्या झाडून सगळ्या माश्यांना मी तरंगण्याचं मलम चोळलं होतं, बुडणाऱ्यांनासुद्धा.

साबणाने धुतल्या. तिसऱ्याच फेकीला मासा, मग ओळीने पाच. मालकांपुढे चूक कबूल केली. ते खजील झाले. पुढच्या हंगामाच्या माश्याही तुझ्याकडूनच हव्यात म्हणाले. तुझा हात शाबूत आहे, मामा.

शिव्या घाल, पण पत्रातून.

तुझी भाची

ता. १९ मे

चि. भाचीबाईस,
अ. उ. आ.

पत्र मामीने मोठ्याने वाचलं. मी उठून उगीचच तोंड धुऊन आलो. मग कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

गाढवे, कुणाच्या चुकीचा इतका आनंद मला उभ्या जन्मात झाला नव्हता.

तुझा मामा