काटा स्थिर होईपर्यंत

४ जून

या दोन हातांनी आजवर काय काय केलं, ते पहिल्याच पानावर लिहिलेलं बरं. सोनारांचे तराजू. कोठारातले पोत्यांचे काटे. तान्ह्या बाळांसाठी झोळीचा काटा, बाळ कितीही हातपाय झाडो, वजन बरोबरच दाखवणारा. आईसाठी एक काठी, जिच्या मुठीत तिचा चष्मा राहायचा. राहतं घर, छपरासकट. शिकवलं कुणी नाही. एका हाताला पुस्तक उघडं ठेवलं, दुसऱ्या हाताला यंत्र खोलून ठेवलं आणि दोन्हीकडे बघत शिकलो. ज्याला ही फुशारकी वाटेल त्याने माझी एखादी स्प्रिंग तपासून बघावी.

आज नव्या नोकरीवर रुजू झालो. जागा झकास आहे. टेकडीवर तीन मजली पांढरी इमारत. वजन उतरवायला माणसं इथे येऊन राहतात आणि इथली सगळी यंत्रं आता माझ्या ताब्यात. वर्कशॉपमध्ये चांगला लेथ आहे, शेजारीच माझी खोली, खिडकीतून उतारावरची बाग दिसते. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, काटेवाले, तुम्ही तर काडीपैलवान, तुम्हाला नुसतं दारात उभं केलं तरी आमची जाहिरात होईल. संध्याकाळपर्यंत सगळे मला काटेवाले म्हणू लागले होते.

डॉक्टर उंच, सडसडीत, इस्त्रीच्या घडीसारखे. त्यांच्या खोलीत पितळी काटा आहे. दाढी केल्यावर ते रोज त्यावर उभे राहतात, म्हणे वीस वर्षांत काटा तसूभर हललेला नाही. मला नाव विचारलं, घरी कोण असतं ते विचारलं नाही.

६ जून

जेवणघर पाहिलं. दाराशी वजनाची खुर्ची, वर भिंतीवर स्टेशनच्या घड्याळाएवढी तबकडी. जेवायला बसण्याआधी प्रत्येकाने खुर्चीत बसायचं आणि डॉक्टरांनी आकडा मोठ्याने वाचायचा. कालच्यापेक्षा वर गेला तर सगळ्यांसमोर ताटातलं अर्धं काढून घ्यायचं. वर त्यांचं ठरलेलं वाक्य: खादाडपणावर इलाज माझ्याकडे नाही.

एक शाळामास्तरीण आहेत, हसऱ्या. त्यांची पाळी आली तेव्हा खुर्चीच्या हातांवर त्यांच्या तळव्यांचा घाम उमटला. मी फडक्याने पुसला.

या खुर्चीत माझी धाकटी बहीण वर्षभर बसली. बाळंतपणानंतर चढलेलं थोडं वजन उतरवायला आली होती, आणि दुप्पट होऊन याच खुर्चीत तिचं हृदय बंद पडलं. सासरच्या आडनावाने दाखल झाली होती, म्हणून मला इथे कुणी ओळखायचं कारण नाही. मेहुणे तिला न्यायला आले तेव्हा त्यांनाही डॉक्टरांनी तेच वाक्य ऐकवलं. मेहुण्यांनी ते आमच्या स्वयंपाकघरात आईसमोर जसंच्या तसं सांगितलं. आईने त्यानंतर धाकटीचं नाव घेणं सोडलं. जणू पोरगी चोरी करताना सापडली होती.

१० जून

मी डॉक्टर नाही, पण यंत्र कळतं. भीती वाटली की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, कारण शरीराला वाटतं आता पळायचंय किंवा भांडायचंय. पण माणूस तर खुर्चीत बसून आहे. पळत नाही, भांडत नाही. मग ती साखर आवरायला इन्शुलिन धावतं आणि चरबी करून पोटावर रचतं. रोज भीती, रोज साखर, रोज इन्शुलिन. हळूहळू पेशी इन्शुलिनचं ऐकेनाशा होतात, म्हणून ते आणखी सुटतं, आणि चरबीच्या कोठाराला कुलूप लागतं. कोठार भरलेलं, आणि मालक उपाशी. भूक लागते ती खरीच असते.

धाकटी फोनवर सांगायची, दादा, जेवून उठले तरी भूक जात नाही रे. खरं सांगत होती. या तबकडीने तिला उपाशी ठेवलं आणि या माणसाने तिला खादाड म्हटलं.

मला एकच हवं आहे. याच जेवणघरात, सगळ्यांसमोर, त्याने धाकटीचं नाव घेऊन म्हणावं की चूक तिची नव्हती. म्हणेपर्यंत त्याला तिची भूक कळायला हवी.

१२ जून

पितळी काटा तपासायला म्हणून खोलीत आणला. आकडा जरासा वर जावा म्हणून आत शिशाची पातळ चकती बसवली. वजन नखाएवढं, पण योग्य जागी.

२० जून

दर दोन-तीन दिवसांनी एक चकती. डॉक्टर आता जिने पळत चढतात. दुपारचं जेवण सोडलं. काल काटा माझ्यासमोर आपटला, म्हणाले हा बिघडलाय. मी त्यांच्यादेखत प्रमाणित वजनं ठेवून दाखवली. तेवढ्यापुरत्या चकत्या काढल्या होत्या. आकडा चोख. त्यांच्या कपाळावर घाम होता.

मावशी म्हणतात, साहेबांची झोप उडालीय, पहाटेच चहा मागतात, साखर जास्त घाल म्हणतात.

२ जुलै

सगळ्या चकत्या काढून टाकल्या. डॉक्टर उभे राहिले. काटा चढला होता तिथेच राहिला.

मी खोटं बोललो आणि त्यांच्या शरीराने ते खरं करून दाखवलं. इतकं सुंदर काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

९ जुलै

डॉक्टरांचं नवं फर्मान. लोक आकडा स्थिर व्हायच्या आत उठतात, वाद घालतात, तेव्हा उठताच येणार नाही असं काहीतरी करा. केलं. मांडीवर येणारी पोलादी दांडी, काटा हलतोय तोवर न सुटणारी. स्क्रू सगळे पाठीमागे घेतले, समोरून एकही दिसत नाही. लोकांना काय कळणार, पण काम सुबक हवं. करताना माझ्या डोळ्यांसमोर एकच बसणारा होता.

१७ जुलै

आज फिटलं सगळं.

सकाळी मावशींनी डॉक्टरांना कोठीघरात पकडलं, साखरेच्या डब्यात चमचा नाही, हात. मावशींनी ते जेवणघरात येऊन सांगितलं, वर म्हणाल्या, मुंग्यांना तरी लाज असते. मग मास्तरीणबाई उठल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, या ना डॉक्टर, आज पहिला मान तुमचा. कुणी वाट देईना. ते बसले. दांडी खाली आली. ते थरथरत होते म्हणून काटा थरथरत होता, आणि काटा थरथरत होता म्हणून दांडी सुटत नव्हती. मास्तरीणबाईंनी आकडा वाचला. मग आवाज न चढवता म्हणाल्या, खादाडपणावर इलाज आमच्याकडे नाही.

आधी कुणी हसलं नाही. नंतर हसायचे थांबले नाहीत.

मी पुढे झालो आणि त्यांच्या कानात सांगितलं मी कुणाचा भाऊ ते. तिचं नाव घ्या, म्हणालो. काटा एकदाचा थांबला, दांडी सुटली आणि ते नाव न घेताच वर पळाले.

२२ जुलै

माणसं सामान बांधून गेली. मावशी आज गेल्या. जाताना म्हणाल्या, काटेवाले, तुम्हीही निघा, आरशात बघा जरा, काडीपैलवानाचे गाल आलेत. पट्ट्याला नवं भोक पाडलंय हे त्यांना सांगितलं नाही. खिशात साखर असते, हेही नाही. सुडाची वाट पाहणं हीसुद्धा शरीराला भीतीच वाटत असणार. जेवून उठतो तरी भूक जात नाही.

डॉक्टर वरच्या मजल्यावर स्वतःला कोंडून घेऊन आहेत. नाव घेतल्याशिवाय मी जाणार नाही.

२४ जुलै

दुपारी जेवणघरात गेलो. खुर्ची रिकामी. तबकडीवर एकशे बेचाळीस किलो.

धाकटीने शेवटच्या फोनवर रडत सांगितलेला आकडा हाच.

स्प्रिंग बदलली. तेल दिलं. काटा शून्यावर आला.

२५ जुलै

जेवणाच्या वेळी पुन्हा. एकशे बेचाळीस. जेवणाची वेळ टळली की शून्य. यंत्रात दोष नाही. माझ्या यंत्रात दोष असूच—

मावशींनी ठेवलेलं अन्न संपलंय. मी एवढं खाल्लं नाही. डॉक्टर खाली उतरलेले नाहीत.

२६ जुलै

माहीत असलेलं वजन ठेवल्याशिवाय काटा तपासता येत नाही. प्रमाणित वजनं डॉक्टरांनी वर नेऊन ठेवलीत. माझं वजन मला माहीत आहे. सकाळीच पाहिलंय. उद्या दुपारी स्वतः बसतो.

२७ जुलै

बसलो. दांडी आली. माझा आकडा आला, चोख.

मग काटा पुढे गेला.

मांडीवर भार आहे. गार नाही. उबदार आहे, झोपी गेलेल्या पोरीसारखा. काटा थांबत नाही, चढतोच आहे. स्क्रू मागे. मीच घेतले मागे.

वही खिशात होती म्हणून लिहितोय.

खिशातली साखर संपली. मी हात घातला नव्हता.

धाकटे, मी आहे गं. दादा. मी इथे कशासाठी आलो ते तुला— तिला ऐकू येत नाही. भुकेला माणूस ओळखू येत नाही.

डावी करंगळी दातांत—

डॉक्टर दारात. हातात स्क्रूड्रायव्हर, काखेत नोटांची पिशवी. जवळ येत नाहीत. तबकडी बघतायत, त्यांनाही आकडा कळला. म्हणाले, काटेवाले, एक ओळ लिहून द्या. बहीण स्वतःच्या खादाडपणाने मेली, एवढंच. सही करा. स्क्रू काढतो, पिशवीही तुमची.

नाही म्हटलं.

पुन्हा विचारलं त्यांनी. आवाज रडवेला. पुन्हा नाही. मांडीवरचा भार क्षणभर थांबला, काटाही— मग परत

डाव्या हाताने आता धरता येत नाही वही. दांडीवर टेकवून लिहितोय. आईला सांगा. रक्कम लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की भाव कमी आला म्हणून भावाने नाही म्हटलं. पिशवीत अकरा लाख होते, रोख, आणि मी