सहा ते सात लाइट बंद

३ एप्रिल

नळ आले. म्हणजे गल्लीत आले, आपल्याकडे नाही. तोटीतून नुसती हवा. सूं सूं. आणि शेजारून भोयरच्या पंपाची घरघर. आपलं घर गल्लीत शेवटचं, त्याचं आपल्या अगोदरचं. पाइपात जे काही उरतं ते तो पंप लावून ओढून घेतो. गच्चीवरची टाकी भरून पाणी रस्त्यावर सांडायला लागलं की मग साहेब उठतात बंद करायला.

यापुढे भो. एवढंच लिहीन. पूर्ण नाव लिहायची त्याची लायकी नाही.

८ एप्रिल

पिंकीला दवाखान्यातून घरी आणलं. मुलगा. नाक जावयाचं, कपाळ आपलं. सव्वा महिना माहेरी राहील, मग उमरेडला सासरी. शिलाई मशीन समोरच्या खोलीत हलवली, आतली खोली तिला दिली, कूलर तिथेच लावला. एप्रिलातच भट्टी झाली आहे. कूलरला पाणी, लंगोटांना पाणी, पिंकीच्या आंघोळीला पाणी. टँकर आला की मी आणि हे ड्रम घेऊन धावतो. ह्यांची कंबर गेली कामातून.

भो.कडे गेली. हात जोडून सांगितलं, घरात बाळंतीण आहे बापा, सव्वा महिना तेवढा पंप नका लावू. भो. म्हणाला, हो काकू, काहून नाही, उद्यापासून बंद. त्याची माय दाराशी खुर्चीवर बसली होती, नाकात नळी. थंडीत छाती भरली होती तेव्हापासून ऑक्सिजनचं मशीन लागतं तिला. म्हातारी वरपासून खालपर्यंत पाहत राहिली मला.

१२ एप्रिल

उद्या गेला, परवा गेला. पंप सुरूच.

विचारलं तं मान खाली घालून म्हणतो, माय ऐकत नाही काकू. चाळिशीचा बाप्या, मायच्या नावावर बिल फाडतो. लाज नाही.

हे म्हणाले, आपणही एक पंप घेऊन टाकू, सोडून दे. म्हटलं, मला पंप नाही पाहिजे, मला त्याचा बंद झालेला पाहिजे. हे पेपर घेऊन बाहेर जाऊन बसले.

भो.च्या बायकोचा ब्लाउज शिवून तयार आहे. तिच्या बहिणीचं लग्न आहे म्हणे. नाही देत. मशीन बिघडली आहे म्हणून सांगितलं.

१९ एप्रिल

बारसं झालं. झालं म्हणजे काय झालं...

विहीणबाई आल्या उमरेडहून, सोबत जावई आणि दोघी चुलत सासवा. घुगऱ्या केल्या होत्या, पाळण्याला साडी बांधली होती, सगळं होतं, पाणी नव्हतं. टँकर आलाच नाही. विहीणबाई बाथरूममध्ये गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बादली उचलली आणि भो.कडे पळाली. विहीणबाई मागोमाग गेटपर्यंत आल्या ते मला दिसलं नाही.

म्हातारी खुर्चीवर बसून पाइपनं अंगण धूत होती. पायरीवर मार, तुळशीवर मार, रस्त्यावर मार. म्हटलं, आजी, दोन बादल्या द्या, घरी पाहुणे आहेत. तिनं पाइप काही बंद केला नाही. म्हणाली,

"आमालेच पुरत नाही वं."

आणि पाण्याची धार माझ्या पायाजवळून नालीत जात होती.

विहीणबाईंनी सगळं पाहिलं. आधी सगळ्यांना जेवू दिलं, शहाणी बाई आहे. जेवणं झाल्यावर म्हणाल्या, कूलर कोरडा आहे, लेकराच्या पाठीवर घामोळ्या उठल्या, आम्ही दोघांना घेऊन जातो, आमच्या घरी विहीर आहे. मी जावयाकडे पाहिलं, तो मोबाइलमध्ये. पिंकी रडली, पण नाही म्हणाली नाही. काय म्हणेल? तिनं लंगोट वाळत घातले होते ते ओलेच पिशवीत भरले.

घरी आणल्याच्या बाराव्या दिवशी लेक उचलून नेली माझ्या घरातून. पाण्यासाठी. गल्लीभर लोक गाडी जाताना पाहत होते.

२० एप्रिल

साडीचा पाळणा आत तसाच लटकून आहे. सोडवत नाही.

हे म्हणतात जेव. तुम्हीच जेवा म्हटलं.

भो.ला सोडणार नाही. म्हातारीला तं बिलकुल नाही. तिच्या घरचा नळ कोरडा पाहीन, ती बादली घेऊन माझ्या दारात उभी राहील, आणि मी पण असंच म्हणेन. त्याच चालीत म्हणेन.

२३ एप्रिल

पाण्याच्या ऑफिसात गेली. मोठे साहेब दौऱ्यावर, छोटे साहेब भेटले. म्हणाले, पंप पकडायला माणसं पाठवतो हो आम्ही, पण गाडी गल्लीत शिरली की पंप पलंगाखाली जातो. दारावर जाऊन काय पकडणार?

म्हटलं, मग दारावर जाऊच नका. नळाच्या वेळेला गल्लीची लाइटच बंद करा. पंप काय हातानं फिरवतील?

तेव्हा कुठे त्यांनी फाइलीतून मान वर केली. म्हणाले, उन्हाळ्यात काही वस्त्यांमध्ये केलं होतं असं, वीजवाल्यांना पत्र द्यावं लागतं. गल्लीचा अर्ज आणा. अर्जदार कोण? मी म्हटलं, मी. एकटी मी लिहा.

येताना उसाचा रस प्याली, उभ्या उभ्या. किती दिवसांनी काहीतरी गोड लागलं.

२७ एप्रिल

रविवार, सगळे घरी सापडले. सह्या घेत फिरली. भो.चं घर सोडून पूर्ण गल्लीनं केल्या. समोरच्या शीलानं तं भो.ला पोटभर शिव्या घातल्या, मग सही केली, वर मला चहा पाजला. म्हणाली, बरी जिरेल त्याची.

जिरेलच.

९ मे

झालं!! आजपासून सहा ते सात लाइट बंद.

मी पाचलाच उठून बसली होती. सहाला पंखा थांबला. तोटी आधी खोकली, मग गढूळ आलं, मग अशी धार की बादली आडवी झाली. माय वं! ड्रम भरला, गुंड-कळशा भरल्या, कूलर भरला, वाट्या-पेले पण भरले असते. हे टॉवेल गुंडाळून मोरीत उभे राहून हसत होते, नव्या नवरदेवासारखे.

शेजारी चिडीचूप. म्हातारी खिडकीत होती. मग मी पाइप लावला आणि अंगण धुतलं. पायरीवर मारलं, रस्त्यावर मारलं. पाणी वाया गेलं, मान्य. आजच्या दिवस सूट.

आणि मजा ऐका. शीला दारात येऊन बोंबलायला लागली, माझ्याकडे धार बारीक काहून? तिच्याकडे पंप! तिच्या बाजूच्याकडे पण! ज्यांनी ज्यांनी सह्या केल्या त्यांच्या घरोघरी पंप. त्यांना वाटलं लाइट फक्त भो.ची जाईल. भैताड लोक.

१३ मे

गल्ली माझ्याशी बोलत नाही. शीला तिचं ब्लाउजचं कापड न शिवताच परत घेऊन गेली. दुसऱ्या एकीनं पण नेलं. न्या. सकाळचा एक तास पंखा नाही तं काय मरत नाही कोणी.

छोट्या साहेबांचा फोन. तक्रारी येऊन राहिल्या म्हणे. अर्जदार तुम्ही, तुम्ही मागे घेतला तं लगेच बंद करू, लिहून देत बसू नका, एक फोन करा, सुट्टीच्या दिवशीही उचलीन. म्हटलं, वाट पाहा तुम्ही फोनची.

मग उमरेडला लावला. विहीणबाईंना नळाचा आवाज ऐकवला, मोबाइल तोटीजवळ धरून. हसल्या त्या. म्हणाल्या, रविवारपर्यंत पाणी टिकू द्या, रविवारी सकाळी पाठवते दोघांना, हुकलेले दिवस राहू दे माहेरी.

पाळण्याची साडी धुवून पुन्हा बांधली. धुतली! नळाच्या पाण्यानं.

१४ मे

भो.ची बायको आली. मला वाटलं ब्लाउजसाठी. म्हणाली, सासूबाईंचं मशीन सहा ते सात बंद पडतं, दम लागतो त्यांना, काकू अर्ज मागे घ्या.

मशीनचं मला माहीत नव्हतं असं नाही. अर्ज देताना आठवलं पण होतं. त्यांचं ते पाहतील म्हटलं होतं मनात. तिला म्हटलं, इन्व्हर्टर घ्या. पंप घेता येतो तं इन्व्हर्टर पण घेता येतो. ती उभीच. ब्लाउज देऊन टाकला तिला.

संध्याकाळी त्यांच्याकडे इन्व्हर्टर उतरताना पाहिला. चला. सुटला तो पण प्रश्न. आता कोणी मला काही म्हणू शकत नाही.

१५ मे

सहाला लाइट गेली आणि शेजारून घरघर. मला वाटलं कानात वाजून राहिलं. नाही. पंप!

इन्व्हर्टरवर पंप लावला हरामखोरांनी.

धार करंगळीएवढी झाली. बॅटरी उतरेपर्यंत ओढतात, मग शेवटी शेवटी थोडं आपल्याकडे येतं. कूलर भरतो, बाळाचे कपडे निघतील, स्वयंपाक होईल. काटकसरीनं भागेल. लाइट असती तं एवढंही नसतं आलं.

हे म्हणाले, त्या इन्व्हर्टरवर एका वेळी एकच चालेल, पंप नाहीतर मशीन. आणि माझ्याकडे पाहत राहिले. म्हटलं, मला काय पाहता? मी लावला का पंप?

१६ मे

राहवलं नाही. सहाला लाइट गेली तशी गेली त्यांच्याकडे.

म्हातारी पलंगावर, पाठीला उशा. नळी नाकात, पण मशीन मुकं. ओठ जांभळे. श्वास घेताना गळ्याच्या खड्ड्यात कातडी आत ओढली जाते. आणि बाजूच्या न्हाणीत पंप दणादण चालू. भो. कोपऱ्यात उभा. म्हणाला, काकू, मी वायर मशीनला लावतो, माय उठून काढते. सिलिंडर आणतो म्हटलं तं तेही नको म्हणते, मग तुमचं फावलं म्हणते. तुम्हीच सांगा तिले.

सांगितलं. आजी, मशीन लावा, पाण्याचं मरू द्या.

म्हातारीनं डोळे उघडले.

"आली का पाह्यले? बस."

मग नुसता श्वास, किती तरी वेळ. मग म्हणाली,

"मी मरीन तं सहा ते सातच मरीन. मंग दे उत्तर लोकाईले."

आणि हसली. हसायला पण दम पुरत नव्हता, तरी हसली.

मी बसली तिथेच. काहून बसली माहीत नाही. सातला लाइट आली, मशीन घुरघुरलं, तिनं डोळे मिटले. घरी येऊन चहा केला, मोरीत ओतून दिला. इतके दिवस मला वाटत होतं सूड मी घेऊन राहिली.

१७ मे

हे म्हणतात, तू अर्ज मागे घे, ते पंप काढतील, मी बोलून घेतो. म्हटलं, पहिले कोण? एप्रिलात 'उद्यापासून बंद' म्हणाला होता ना तो? लाइट आली की पंप परत सुरू, आणि मी पुन्हा बादली घेऊन दारोदार. तरी गेले हे. म्हातारीचा निरोप आला, पहिले अर्ज. मी सांगितलं, पहिले पंप. पुन्हा गेले, पुन्हा तेच घेऊन आले. मग चप्पल काढून बसले, म्हणाले, आता मी नाही जाणार, दोघी एकाच मातीच्या आहात.

दुपारी डॉक्टर येऊन गेला त्यांच्याकडे. भो.ची बायको दारात दिसली, माझ्याकडे पाहिलं नाही तिनं.

शीला गल्लीत म्हणत होती, एखाद्या दिवशी जाईल म्हातारी, हिच्या पायी. 'हिच्या' म्हणजे माझ्या. मुद्दाम ऐकू येईल असं म्हणाली. अर्जावर तिची पण सही आहे.

म्हातारीला हेच पाहिजे. मला समजतं. आणि मी तिला ते देणार नाही. पण कसं नाही देणार?

१८ मे

रविवार. सहाला लाइट गेली, पंप सुरू झाला. भिंतीला कान लावून उभी होती, बादली तोटीखाली तशीच. पंपाच्या आवाजात मधून मधून तिचा खोकला. थांबतो, पुन्हा येतो.

पिंकीचा फोन आला. जावई गाडी काढून उभा आहे, ऊन व्हायच्या आत निघायचं म्हणतो.

"आई, पाणी येऊन राहिलं ना? सासूबाई विचारून राहिल्या. निघू का?"

मागे बाळ कुरकुरत होतं. आवाज बदलला त्याचा, मोठा झाला. मी म्हटलं, थांब, पाच मिनिटांत सांगते.

साहेबांचा नंबर काढून ठेवला आहे. तो लावला तं पिंकीला नाही म्हणावं लागेल, आणि विहीणबाई पुन्हा पाठवणार नाहीत, हे पक्कं. नाही लावला तं...

हे दारात उभे आहेत.

पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली. पंप चालूच आहे, खोकला मात्र ऐकू येत नाही आहे. सातला अजून वेळ आहे. पिंकीचा फोन पुन्हा वाजून राहिला.